घोड्याची किंमत ठरते कशी?

मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडीला लागून असलेले मारुंजी हे गाव मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात येते. या दोन्ही नद्यांचे पाणी अखेर भीमेला मिळते. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी, आणि मराठ्यांच्या फौजेला काटक तट्टे पुरविणारा मुलूख म्हणून त्याची ख्याती होती. त्याच मुलखाच्या पश्चिम कडेवर आता माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरीही घोडा येथून पुरता गेलेला नाही. मुळशी-मावळातल्या जत्रांत बैलगाड्यांपुढे घोडी पळते, लग्नसराईत वरातीचे घोडे रस्त्यावर येतात आणि पुण्याच्या पश्चिम भागात राहायला आलेल्या कुटुंबांतील मुले रविवारी घोडेस्वारी शिकायला जातात. मूल चार-सहा महिने शिकले, की घरात विषय निघतो : आपला स्वतःचा घोडा घ्यावा का, आणि घ्यायचा तर तो पडतो केवढ्याला?

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या बाजारात पंचवीस-तीस हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत घोडे विकले जातात. एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या, शेजारी-शेजारी बांधलेल्या दोन घोड्यांच्या किमतीत दहापटीचे अंतर असू शकते. वृत्तपत्रांत दरवर्षी अमुक घोड्याची किंमत कोटीत गेल्याच्या बातम्या येतात, त्या वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की ती बहुधा मालकाने सांगितलेली किंमत असते, झालेला सौदा नव्हे. अशा घोड्याला विकण्यापेक्षा त्याची कीर्ती वाढवून पैदाशीसाठी येणाऱ्या घोड्यांमागे शुल्क घेणे मालकाच्या अधिक सोयीचे असते.

किंमत ठरविणाऱ्या गोष्टींत जातीचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. प्रत्यक्षात त्याच्याही आधी येते ते काम. सर्पदंशावरील लस बनविण्यासाठी घोड्यांच्या रक्तातील द्रव लागतो. मारुंजीपासून जवळच, पिंपरी येथे हाफकिन महामंडळाचा असा विभाग आहे. तेथे लागणाऱ्या घोड्याची जात, रंग, चाल कोणी विचारत नाही. वय, वजन आणि निरोगीपणा एवढेच पाहिले जाते. माथेरानच्या घोडेवाल्याला दगडधोंड्यांच्या चढावर न अडखळणारे, गर्दीला न बुजणारे जनावर हवे असते. वरातीवाल्याला पांढरे आणि उंच हवे असते. पंढरीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. तेथे लक्षावधी माणसांच्या गजरात रिंगण धावण्याइतकी स्थिर वृत्ती ही पहिली कसोटी. प्रत्येक ठिकाणी जनावर तेच, पण मोजपट्टी निराळी.

मुळशी-मावळ-खेड-जुन्नर या पट्ट्यापुरते बोलायचे तर सर्वांत वेगळी मोजपट्टी बैलगाडा शर्यतीच्या घोडीची आहे. घाटातल्या शर्यतीत गाड्याच्या पुढे स्वारासह घोडी सुटते आणि बैल तिच्या मागोमाग झेपावतात. निकाल सेकंदांवर आणि सेकंदाच्या अंशांवर लागत असल्याने घोडीने एका उडीत वेग घ्यावा, सरळ रेषेत पळावे, हलगीच्या आणि आरोळ्यांच्या कल्लोळात बिथरू नये, असे सारे तिच्याकडून अपेक्षित असते. येथे उंची फारशी लागत नाही, कानाची ठेवण लागत नाही, वंशावळीचा कागद तर मुळीच लागत नाही. घाटात ती किती वेळा पळाली आणि बैल तिच्या मागे कसे आले, हाच तिचा दाखला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा अशा घोड्यांचे काम एका दिवसात संपले. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला, तेव्हा ते काम परत आले. ज्या घोडीला मधल्या सात वर्षांत चाऱ्याची किंमतही निघत नव्हती, तिच्या वंशातल्या वछेरीला आज गावोगावचे गाडामालक विचारतात. घोड्याच्या किमतीत न्यायालयाच्या निकालाचाही वाटा असतो, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणार नाही.

असे दाखले आणखीही आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये व्हिक्टोरिया गाड्यांवर बंदी घातली आणि त्या गाड्यांच्या घोड्यांचा बाजार बसला. माथेरानमध्ये डिसेंबर २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा धावू लागल्या, तेव्हा घोडेवाल्यांनी विरोध केला, त्यामागेही हाच धसका होता. काम गेले की जनावराची किंमत तर जातेच, पण त्याला खायला घालायचे कोणी, हा प्रश्न मागे उरतो.

जात आणि कागद

भारतात अधिकृतपणे नोंदलेल्या घोड्यांच्या जाती मोजक्या आहेत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भूतिया, स्पिती आणि झंस्कारी या जाती होत्या; त्यांत अलीकडे आपल्या भीमथडी घोड्याची भर पडली. महाराष्ट्राच्या बाजारांत मात्र मुख्यतः मारवाडी, काठियावाडी आणि सिंधी ही तीन नावे ऐकू येतात, आणि त्यांच्या जोडीला 'पंजाबचा नुकरा'.

मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ओळख कानांवरून. कानांची टोके आत वळून एकमेकांकडे झुकतात. ती जितकी जवळ येतील, तितका भाव चढतो. मारवाडी अंगाने उंच आणि मानेने डौलदार, तर काठियावाडी थोडा आखूड, कपाळ रुंद आणि कोरड्या मुलखात टिकणारा. काठियावाडी जातीची जपणूक करणारे सरकारी केंद्र गुजरातेत जुनागढला आहे. सिंधी घोड्याचे मोल त्याच्या रेवाल चालीत आहे. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र उचलणाऱ्या या चालीत स्वाराला हिसका बसत नाही, लांबचा प्रवास सुखाचा होतो.

जातिवंत असल्याचे सांगणे सोपे, दाखविणे अवघड. मारवाडी घोड्यांची अधिकृत नोंदणी २००९ मध्ये सुरू झाली. त्यात घोड्याची मापे आणि खुणा तपासून नोंदतात, छायाचित्र काढतात आणि अंगावर क्रमांक उमटवितात. असा कागद असलेला आणि नसलेला घोडा यांच्या किमतीत फरक पडणारच. एक घोडा केवळ स्वारीसाठी विकला जातो, दुसऱ्याबरोबर त्याच्या पुढच्या संततीचाही हक्क विकला जातो. मात्र ज्याला पैदास करावयाचीच नाही, फक्त मुलांना फेरफटका मारू द्यायचा आहे, त्याने या कागदासाठी जादा रक्कम मोजण्यात अर्थ नाही. सारंगखेड्याहून 'प्युअर मारवाडी' म्हणून आणलेल्या घोड्याचा कागद जर विक्रेत्याकडे नसेल, तर त्या शब्दाची किंमत शून्य धरून बोलणी करावीत.

नुकऱ्याची गंमत न्यारी आहे. गुलाबी कातडीचा, जन्मतः पांढरा घोडा तो नुकरा. तो रंग आहे, जात नव्हे. मारवाडीच्या नोंदवहीत असे पांढरे घोडे सहसा घेतच नाहीत. तरीही वरातीसाठी आणि मिरवणुकीसाठी त्यालाच सर्वाधिक मागणी, म्हणून भाव चढा. पांढऱ्यातही दोन प्रकार आहेत. सब्जा घोडा शिंगरू असताना काळपट असतो आणि वयाबरोबर उजळत जाऊन सहा-आठ वर्षांनी पांढरा दिसू लागतो. त्याची कातडी मात्र काळीच राहते. नाकपुडीभोवती आणि डोळ्यांभोवती पाहिले, की दोहोंतला फरक कळतो. मुळशीच्या उन्हात गुलाबी कातडी भाजते, तिला सावली जास्त लागते, हेही वरातीवाले सांगतील.

भीमथडीचा भाव

आपल्याच मुलखातल्या जातीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. भीमथडी किंवा दख्खनी घोडा ठेंगणा, अंगाने सडपातळ, कणखर खुरांचा आणि थोड्या चाऱ्यावर भागविणारा. शिवकाळातील फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदाराचा घोडा मेला तर नुकसान त्याचे त्यालाच, म्हणून उत्तरकाळातील शिलेदारी फौजा घोडे पणाला लावून समोरासमोर भिडण्यास कचरत, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. म्हणजे घोड्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते, यावर लढाईची रीतही ठरत होती.

सरदारांच्या तबेल्यात मात्र परदेशी घोड्यांचाच मान मोठा होता. इराण-अरबस्तानातून समुद्रमार्गे आलेले घोडे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरत. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहून ठेवले आहे, की चाच्यांनी लुटलेल्या जहाजांवरचे सर्व घोडे आपल्याला द्यावेत आणि बाकीची लूट त्यांनी ठेवावी, असा त्याने चाच्यांशी करार केला होता. सोन्या-मोत्यांपेक्षा घोडा मोलाचा वाटावा, इतकी त्याची टंचाई होती. दख्खनच्या दमट किनारपट्टीवर आणि अपरिचित चाऱ्यावर हे घोडे फार काळ टिकत नसत, त्यामुळे ते पुनःपुन्हा विकत घ्यावे लागत.

भीमथडीचे तट्टू त्या मानाने स्वस्त, आणि स्वस्त म्हणूनच दुर्लक्षित राहिले. मेंढपाळांचे बिऱ्हाड पाठीवर वाहणारे जनावर म्हणून ते टिकून राहिले. धनगरांचे वाडे दरवर्षी पावसाळ्याच्या आगेमागे गावे बदलतात, तेव्हा कोंबड्या, भांडी आणि लहान मुले पाठीवर घेऊन चाललेली ही तट्टे मारुंजी-नेऱ्याच्या रस्त्यावरही पाहणाऱ्याला दिसतात. जातीची अधिकृत नोंद झाल्यावर चोखंदळ पैदासकारांचे लक्ष तिकडे वळले आहे. नोंद झाली की भाव वाढतो, भाव वाढला की जनावर जतन होते. उलट, ज्या मेंढपाळाने ते आजवर सांभाळले, त्याला पुढचे तट्टू घेणे परवडेनासे होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिला घोडा घेणाऱ्या, कमी वजनाच्या स्वारासाठी, विशेषतः मुलांसाठी, भीमथडीइतका समजूतदार पर्याय क्वचितच सापडेल, असे आमचे मत आहे.

शर्यतीचा घोडा

पुणे हे भारतातील शर्यतीच्या घोड्यांच्या व्यवसायाचे मुख्य केंद्र आहे. थरोब्रेड घोड्यांची अखिल भारतीय वंशनोंद ठेवणारे स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया हे कार्यालय पुण्यातच आहे. सोली पूनावाला यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेला पूनावाला स्टड फार्म हडपसरच्या बाजूला आणि नानोली स्टड तळेगावच्या बाजूला, म्हणजे मारुंजीहून फार लांब नाही. पूनावाला कुटुंबाच्या तबेल्यातून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला लसनिर्मितीसाठी जात. त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हा इतिहास पुणेकरांना ठाऊक आहे.

थरोब्रेडच्या किमतीत वंशावळीचा वाटा सर्वांत मोठा. जगातील प्रत्येक थरोब्रेडची पितृपरंपरा अठराव्या शतकाच्या आसपास इंग्लंडात आलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते. कृत्रिम रेतनाला या जातीत मुभा नाही. नैसर्गिक संयोगातूनच जन्मलेल्या शिंगराची नोंद होते आणि त्याचे आईबाप जनुकीय चाचणीने पडताळले जातात. त्यामुळे नामांकित घोड्याची संतती एका हंगामात अमुक एका संख्येपलीकडे वाढू शकत नाही, आणि टंचाईमुळे किंमत टिकते. वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेले शिंगरू आणि एप्रिलमध्ये जन्मलेले शिंगरू शर्यतीच्या हिशेबात एकाच वयाचे, पण अंगाने पहिले पुढे. लिलावात दोघांकडे पाहण्याची नजर म्हणूनच वेगळी असते.

इतके करूनही वंशावळ ही हमी नव्हे. अमेरिकेत फेब्रुवारी २००६ मध्ये 'द ग्रीन मंकी' नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. वंश उत्तम, चाचणीतला वेग उत्तम. तो एकूण तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही.

आपल्या वाचकाला या जातीचा संबंध येतो तो दुसऱ्या टोकाला. पाच-सात वर्षांचा झाल्यावर, वेग कमी झाला किंवा पायाच्या कंडरेला इजा झाली, की शर्यतीचा घोडा बाहेर पडतो. लाखोंना घेतलेले जनावर तेव्हा अत्यल्प किमतीत, कधी तर केवळ नेणाऱ्याच्या खर्चावर मिळते. ते पाहून पहिला घोडा घेणारे भुलतात : साडेपंधरा-सोळा हातांचा, तुकतुकीत कातडीचा, आणि इतक्या स्वस्तात! पण हा घोडा आयुष्यभर एकच गोष्ट शिकला आहे, सुटल्यावर पळायचे. त्याला शांतपणे चालायला, थांबायला, वळायला नव्याने शिकवावे लागते आणि ते चाबूकस्वाराचे काम आहे, बारा वर्षांच्या मुलाचे नव्हे. तेथून चुकला की तो रायडिंग क्लबात, तेथून थंड हवेच्या ठिकाणी, तेथून आणखी खाली जातो. प्रत्येक पायरीवर किंमत उतरते आणि निगाही उतरते. स्वस्त थरोब्रेड घेऊ नये असे नाही. ज्याच्याजवळ जाणकार शिक्षक आहे, त्याने अवश्य घ्यावा. पण वाचलेली रक्कम शिक्षणावर खर्च होणार, हे धरून चालावे.

करांचाही येथे संबंध येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिवंत घोड्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्याच वेळी शर्यतींवरील पैजांचा कर मात्र २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. घोडा घेणे स्वस्त आणि घोडा ज्याच्यासाठी घ्यायचा ते महाग, असा हा प्रकार आहे.

युरोपातील वॉर्मब्लड जातींचे घोडे, म्हणजे उडी मारण्याच्या आणि ड्रेसाजच्या स्पर्धांत दिसणारे, यांविषयी थोडक्यात सांगायचे तर विमानवाहतूक, विलगीकरण आणि चाचण्या यांचा खर्चच आपल्याकडील चांगल्या घोड्याच्या किमतीला मागे टाकतो. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण मिळविणाऱ्या भारतीय चमूने, ज्यात मुंबईचा हृदय छेडाही होता, सराव युरोपात राहूनच केला.

दात, भोवरे आणि रुमाल

आता बाजारात उभे राहिल्यावरची गोष्ट. महाराष्ट्रात घोड्यांचे दोन जुने मोठे बाजार भरतात. तापीकाठी, शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून, आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष महिन्यातील खंडोबाच्या यात्रेत. शिवाय सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश येथून व्यापारी येतात.

उंची येथे इंचांत सांगतात. 'त्रेसष्ट इंची' म्हणजे मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर मोजलेले माप. इंग्रजी हिशेबाने चार इंचांचा एक हात, म्हणजे चौसष्ट इंच झाले की सोळा हात. एका ठरावीक मर्यादेपलीकडे प्रत्येक इंचाला भाव चढतो, म्हणून पट्टी आपली न्यावी आणि जमीन सपाट पाहून मोजावे. घोडा चढावर, पुढचे पाय वर असलेल्या जागी उभा करणे ही जुनी युक्ती आहे.

वय दातांवरून. सुमारे अडीच वर्षांनी मधले दोन दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कोपऱ्यातले. पाचव्या वर्षी तोंड 'पुरे' होते. त्यानंतर खालच्या दातांवरचे खळगे झिजतात : सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी एकेका जोडीचे. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक खोबण दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते आणि विसाव्याला खालपर्यंत पोहोचते. झिजलेल्या दातात खळगा कोरून तो काळा करणे ही फसवणूक जगभर चालते. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या गाढवबाजारातही भाव दातांवरच ठरतो, दुवान आणि चौवान हे शब्द तिथलेच. साधारण पाच ते दहा वर्षे हा घोड्याचा कामाचा उत्तम काळ. त्याच्या आतला घोडा महाग आणि अशिक्षित, त्याच्या पलीकडचा स्वस्त. नवशिक्यासाठी बारा-तेरा वर्षांचा, अनेक स्वारांना सरावलेला, शांत घोडा चार वर्षांच्या देखण्या वछेऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. बाजार मात्र उलटा भाव लावतो, आणि हा नवशिक्याचा फायदाच आहे.

रंग आणि भोवरे यांवर आपल्याकडे शालिहोत्राच्या काळापासून लिहिले गेले आहे. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा तो पंचकल्याणी, शुभ. मानेवरचा देवमण शुभ. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ, अशुभ. काळा घोडा जुन्या समजुतीत अशुभ, पण आता प्रदर्शनांत काळ्यालाच उठाव आहे. शुभाशुभही मागणीप्रमाणे बदलते. ज्याचा या समजुतींवर विश्वास नाही, त्याला येथे खरी सवलत आहे. निव्वळ एका भोवऱ्यापायी उत्तम घोडा कमी किमतीत मिळतो. फक्त तो पुढे विकताना आपल्यालाही कमीच मिळेल, हे ओळखून असावे.

नर, मादी आणि खच्ची केलेला घोडा यांच्या भावातही अंतर असते. पैदाशीचा नर सर्वांत महाग आणि नवशिक्याला सर्वांत अवघड. घोडी गाभण असल्याचे सांगून तिची किंमत वाढविली जाते. घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा आहे. पशुवैद्याकडून सोनोग्राफी केल्याशिवाय त्या दाव्याचे पैसे देऊ नयेत.

सौदा अनेकदा हेड्यामार्फत, रुमालाखाली बोटे दाबून होतो. या हत्ता पद्धतीत खरी किंमत भोवतालच्यांना कळत नाही. कधी कधी घेणाऱ्यालाही ती कळलेली नसते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नवख्याने उघड बोलून, पावती घेऊनच व्यवहार करावा. घोडा गार असताना, म्हणजे आधी पळविलेला नसताना पाहावा. कडक जमिनीवर दुडकी चालवून लंगड आहे का ते पाहावे. गव्हाणीची कड दातांनी धरून वारा गिळण्याची खोड आहे का, ते तासभर बाजूला थांबूनच कळते. वेदनाशामक किंवा गुंगीचे औषध देऊन लंगडा घोडा चालता आणि मस्तवाल घोडा शांत दाखविता येतो. म्हणून मोठी रक्कम मोजण्यापूर्वी रक्ताचा नमुना घ्यावा. त्याच नमुन्यावर शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, या रोगाची चाचणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर उपचार करीत बसण्यास परवानगी नाही, बाधित घोड्याला दयामरण द्यावे लागते आणि सरकारी भरपाई घोड्याच्या किमतीच्या मानाने अगदी थोडी असते.

किमतीनंतरची किंमत

चारशे किलोंच्या घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो कोरडा आहार लागतो. त्यात मुख्य भाग गवत-कडब्याचा. वर लसूणघास आणि कामाप्रमाणे चंदी, म्हणजे हरभरा, जव, कोंडा. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद. वर्षातून ठरावीक वेळा जंतनाशक आणि धनुर्वाताची लस. आणि या सर्वांपेक्षा मोठा खर्च मोतद्दाराचा. (मोतद्दाराला जुन्या मराठीत 'खासदार' असाही शब्द होता, दिल्लीला जाणाऱ्यांनी तो घेतल्यापासून तबेल्यात वापरायची पंचाईत झाली.) सामान्य घोड्याच्या बाबतीत दोन वर्षांचा सांभाळ त्याच्या खरेदीच्या किमतीला सहज ओलांडून जातो. म्हणून चांगल्या घोड्यावर पन्नास हजार वाचविणे आणि नंतर त्याच्या लंगडेपणावर दोन वर्षे खर्च करणे हा हिशेब बसत नाही.

मुळशीचा पाऊस हाही खर्चाचा भाग धरावा. ताम्हिणीइतका तो मारुंजीला पडत नाही, पण चार महिने जमीन ओली राहते. कोरड्या मारवाडातून आलेल्या घोड्याचे खूर चिखलात मऊ पडतात, कुजतात. गोमाश्यांमुळे पसरणारा सर्रा आणि डासांमार्फत होणारा कुमरी, ज्यात मागचे पाय लुळे पडतात, हे दोन्ही रोग ओल्या हवेतले. तबेल्याला उंचवट्यावरची, निचरा होणारी जागा आणि फरशीऐवजी कोरडे अंथरूण लागते. मारुंजीत जमिनीला आलेला भाव पाहता, घोडा फिरण्यापुरते अर्धा एकर मोकळे ठेवणे हाच पुष्कळांच्या दृष्टीने सर्वांत महाग भाग ठरेल. घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात महिन्याच्या शुल्कावर ठेवण्याची सोय पुण्याच्या आसपास काही ठिकाणी आहे. खरेदीपूर्वी तेथे जाऊन येणे बरे.

भाव ऋतूप्रमाणेही हलतात. लग्नसराईच्या तोंडावर वरातीचे घोडे महाग, हंगाम उलटल्यावर स्वस्त. मे अखेरीस ज्यांच्याकडे पावसाळी निवारा नाही, ते विकायला काढतात. सारंगखेड्यात शेवटच्या दोन दिवसांत परप्रांतीय व्यापाऱ्याला परतीचे भाडे वाचवायचे असते. तेथून पुण्यापर्यंत चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. गाडीत घोडा दाटीवाटीने न कोंबता, वाटेत पाणी पाजत आणावा लागतो, आणि ते भाडे घेणाऱ्यावर पडते. लांबच्या प्रवासानंतर पोटशूळ आणि सर्दी होण्याचा संभव असतो. आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे त्याला इतर जनावरांपासून वेगळे बांधावे, जुन्या मालकाकडे काय खात होता ते सौदा करतानाच विचारून ठेवावे आणि चंदी एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावी.